सॅकेत मावणारा बूट

नाशिक, १६ जून २०२४

ती. कैलासमामास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. क्रीडा वसतिगृहात फोन जमा करावा लागतो आणि रविवारी दहा मिनिटं हातात मिळतो. ती दहा मिनिटं अंबरनाथला आईच्या जेवलीस का, झोपलीस का यातच संपतात. म्हणून तुझ्यासाठी हा कागद.

काम असं आहे. आम्ही शर्यतींसाठी गावोगाव जातो, पण सरांचा नियम कडक. प्रत्येकीला एकच सॅक, तीही मांडीवर मावेल एवढी. कपडे, चादर, ताट-वाटी भरली की बुटांना जागा उरत नाही. मागच्या वेळी मी बूट नाडीने सॅकेला बाहेर बांधले, तर एक वाटेतच कुठेतरी पडला. शेवटी एका मैत्रिणीचे मोठे बूट मागून घेतले, दहा किलोमीटर फटक-फटक धावले आणि नववी आले. रडले, हे आईला सांगू नकोस. नंतर सरांनी एक जुना जोड दिला, पण तोही सॅकेत मावत नाही. नोव्हेंबरच्या शर्यतीत पहिल्या तिघींत आले तरच राज्याच्या संघात जागा आहे. नाहीतर सामान बांधून घरी.

तू चौतीस वर्षं उल्हासनगरच्या कारखान्यात बुटांचं कापकाम करतोस. पण तूच सांगतोस, शेठ बाहेरचा बूट आणतात, तू तो उसवतोस आणि तसाच कापतोस. स्वतःचा असा एकही बूट हातून निघाला नाही. आता डिसेंबरअखेर घरी बसणार, तर त्याआधी एक काढ की. पळण्याचा, पण सॅकेत मावणारा. मापासाठी पाय ठेवून आखलेला कागद सोबत जोडला आहे.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो माझ्या मापाचा असू दे.

तुझी,
भाविका

*

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.), १४ जुलै २०२४

चि. भाविकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या संध्यामामीने आधी फोडलं आणि मोठ्याने वाचलं. 'स्वतःचा एकही नाही' या वाक्यापाशी थांबून तिने माझ्याकडे असं बघितलं की हातातला चहा गार झाला. मुली, दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस. पण लिहिलंस ते खरं, म्हणून राग नाही. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं की कैलास, तुला कसला बूट करावासा वाटतो.

शेठना विचारलं. ते म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत मशीन मोकळं असतं, उरलेला माल वापर, पण मला डोकेदुखी नको. तेव्हा महिनाभर डबा उभ्याउभ्या खाल्ला. तळ बरोबर मध्यावर आडवा कापला आणि जोडावर चिवट इलॅस्टिक शिवलं. वर्तमानपत्राची घडी घालावी तसा बूट मिटतो. दोन्ही मिळून मामीच्या पोळीच्या डब्यात बसले. डबा तिने तीनदा घासला, आणि मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पार्सल मिळालं की कळव. आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा घट्ट शिवलेले.

तुझा,
मामा

*

नाशिक, २८ जुलै २०२४

ती. मामास,
सा. न. वि. वि.

बूट पोचले. काय देखणे आहेत. सगळ्या मुलींनी ते उघडून-मिटून बघितले, सरांनीसुद्धा दोनदा. मी मिरवून घेतलं.

मग पळायला गेले. पहिला फेरा ठीक. दुसऱ्या फेऱ्यात वेग घेतला आणि बूट पायातच मिटायला लागला. मी पुढे निघाले होते आणि तो घरी निघाला होता. आपटले, गुडघा सोलला. मुली पोट धरून हसल्या आणि मीही हसले, पण खरं सांगते, मामा, मनात नोव्हेंबरची शर्यत आली.

सरांनी पाय हातात धरून दाखवलं. पळताना पाय बोटांच्या मागे वाकतो, मध्ये नाही. मध्ये तो ताठच लागतो. मामा, एक विचारू? तू कधी कुणाला पळताना नीट बघितलंयस का? तू बूट कायम फरम्यावर चढवलेला बघितलास. तो लाकडी पाय कुठे जातो?

रागावू नकोस आणि सोडूही नकोस. लोभाला इलॅस्टिक लावायची गरज नाही, तो तसाच ताणतो.

तुझी लंगडी,
भाविका

*

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.), २२ सप्टेंबर २०२४

चि. भाविकास अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे?

तुझ्या प्रश्नाने माझी झोप उडवली. खरंच बघितलं नव्हतं. मग रोज सकाळी उल्हास नदीकाठी जाऊन बसलो आणि पळणाऱ्यांचे पाय बघू लागलो. चौथ्या दिवशी एका बाईंनी थांबून विचारलं की काका, रोज खाली काय बघता. मी बूट म्हणालो, त्यांना पटेना. पाचव्या दिवसापासून मामीला साक्षीला नेऊ लागलो. आता ती पळते आणि मी बसतो.

तळ कापायचा नाही हे ठरलं. मग लहान करायचं काय? मी नवे नमुने तळाला तळ लावून ठेवून बघत होतो, म्हणजे एक पालथा. तुला मामी माहीत आहे. पालथा बूट दिसला की घरात भांडण होणार, म्हणून येता-जाता ती तो सुलटा करी. मी पालथा करायचा, तिने सुलटा करायचा, आणि त्यावरून आमचं रोज भांडण. गणपतीत पाहुणे दारात आले, मामीने घाईत सुलटा केलेला बूट दुसऱ्याच्या तोंडात कोंबला आणि दोन्ही कपाटाखाली सरकवले. संध्याकाळी काढले, तर पेल्यात पेला बसावा तसे बसलेले. वरचं कापड मऊ होतं, टाच ताठ ठेवणारा पुठ्ठा अजून घातला नव्हता, म्हणून.

मी तिथेच जमिनीवर बसलो. पाहुण्यांना वाटलं चक्कर आली.

आता टाचेत पुठ्ठा नाही. दोन बारीक पट्ट्या आहेत आणि नाडी त्यांच्या मागून फिरवली आहे. नाडी ओढली की टाच उभी, सैल केली की आडवी. डावा उजव्यात शिरतो, तीन बोटं बाहेर राहतो. तेवढं चालवून घे. तळ अखंड आहे, बोटांमागेच वाकतो.

मात्र ऐक. हे सरावाला घाल. शर्यतीला जुनेच बूट, ते सॅकेत मावोत न मावोत. माझ्या हौसेपायी तुझी जागा जायला नको. ही विनंती नाही, मामाची आज्ञा आहे.

मामी म्हणते, श्रेय तिचं. मी वाद घालत नाही. आम्हा दोघांची माया सोबत भरली आहे, ती अजिबात घडी होत नाही.

तुझा,
मामा

*

नाशिक, २५ नोव्हेंबर २०२४

ती. मामा आणि मामीस,
सा. न. वि. वि.

आधी माफी. आज्ञा मोडली. दोन महिने रोज तुझेच बूट घातले, जुने आता परके वाटतात. काल शर्यतीला तुझेच घालून उभी राहिले.

सातव्या किलोमीटरपर्यंत मी दुसरी होते. तिथे डाव्या पायाची नाडी सैल झाली आणि टाच खाली बसायला लागली. चूक माझी, गाठ एकेरी मारली होती. थांबले. नाडी ओढली, दुहेरी गाठ मारली. तेवढ्यात चौघी पुढे गेल्या. उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण टाच अशी ताठ उभी राहिली होती की पायाला नवा जोर आला. आठव्यात एक गाठली, नवव्यात दुसरी. शेवटच्या वळणावर तिसरी दिसली, आणि मला काही आठवत नाही, फक्त श्वास आठवतो.

मामा, मी तिसरी आले. राज्याच्या संघात आहे.

सरांनी बूट उलटसुलट करून बघितले आणि आमच्या आठही जणींना पाय कागदावर ठेवायला लावले. ते आठ कागद सोबत आहेत. बघ, जमलं तर.

आईला आनंदाने रडू आलं, दहाच्या दहा मिनिटं. लोभ कमी-जास्त झाला तर दुहेरी गाठ मारावी.

तुझी,
भाविका

*

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.), ८ डिसेंबर २०२४

चि. भाविकास अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र मी मामीला वाचून दाखवलं. 'चौघी पुढे गेल्या' इथे मी कागद तिच्या हातात दिला, पुढचं तिने वाचलं. नंतर ती वाडीभर पेढे वाटत फिरली आणि मी तिच्या मागे पिशवी धरून. आज्ञा मोडल्याबद्दल तुला रागवायचं होतं, ते राहूनच गेलं.

परवा आठ कागद आणि उरलेला नमुन्याचा जोड घेऊन शेठच्या टेबलाशी गेलो. टाच पाडून दाखवली, बुटात बूट घालून दाखवला, नाडी ओढली. शेठने बूट हातात घेऊन तळ वाकवला, आत बोटं घातली. मग त्यांनी विचारलं, "किसका माल है, कैलास?"

नवा नमुना टेबलावर आला की ते हेच विचारतात. चौतीस वर्षं मी कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव सांगत आलो. या वेळी मशीनवरची माणसंही काम थांबवून बघत होती. मी म्हणालो, "अपना है, शेठ."

शेठ हसले. खुर्ची पुढे सरकवून मला बस म्हणाले. त्या टेबलासमोर मी पहिल्यांदाच बसलो.

आठ जोड जानेवारीत येतील. घरी बसल्यावरही शेठनी मला आठवड्यातून तीन दिवस यायला सांगितलंय. तुझ्यावरच्या मायेला माप नाही, म्हणून कागद पाठवू नकोस.

तुझा,
कैलासमामा