पानावर ठेवलेला हात

प्रिय ठमे,

बुधवार, बारा फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. घड्याळ समोरच्याच भिंतीवर होतं, म्हणून वेळ नक्की सांगते. तुझ्या खारूचं वाचन तपासणाऱ्या बाईंच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये, त्या बाई, त्यांची मदतनीस आणि नंबर लावून बसलेले कुणाचे तरी आईबाप ऐकत असताना तू मला म्हणालीस, "आई, वाचता न येणं म्हणजे काय असतं ते तुला काय माहीत?" मग खारूचा हात माझ्या हातातून काढून घेतलास आणि तिला घेऊन लिफ्टकडे गेलीस. मी जिन्याने उतरले. अडुसष्टाव्या वर्षी, चार मजले, दोन्ही गुडघ्यांसकट.

आज नऊ दिवस झाले. तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. मग तुझा निरोप आला की अहवाल हातात पडेपर्यंत खारू शाळेतून माझ्याकडे येणार नाही, पाळणाघरात जाईल. नऊ वर्षांची मुलगी पाळणाघरात! तिथे तिला दुपट्यात गुंडाळून ठेवतात का ते विचारून घे. तुला वाटलं असेल, म्हातारी फुगून बसली आहे. फुगलेली आहेच, पण नुसती बसलेली नाही. हे पत्र लिहीत होते.

आधी माझा गुन्हा सांगते, म्हणजे तुला मध्येच उठून भांडायला नको. तू मला स्पष्ट बजावलं होतंस की तपासणीच्या आधी खारूचा कसलाही सराव घ्यायचा नाही. मी ते ऐकलं होतं. माझे कान अजून उत्तम आहेत. पण पहिल्या दिवशी ठोकळे जुळवून आणि आकडे उलटे म्हणून खारू घरी आली तेव्हा ती मला म्हणाली की पुढच्या वेळी वाचायचं आहे, आणि तिने जेवण तसंच ठेवलं. ताटात बोटाने रेघोट्या ओढत बसली. एरवी माझ्याकडे आली की दरवाजा बंद व्हायच्या आत तीन गोष्टी सांगून मोकळी होणारी ही पोरगी. मग मी काय करावं अशी तुझी अपेक्षा होती?

शेजारच्या बाईंच्या नातीची गेल्या वर्षी अशीच तपासणी झाली होती. त्यांच्याकडे वाचनाच्या सहा उताऱ्यांची झेरॉक्स होती. कुठून आली ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. मी ती मागून आणली. रोज सकाळी मी अर्धा अर्धा उतारा तयार करायची आणि दुपारी खारूला द्यायची. कपड्यांच्या घड्या घालताना एक वाक्य मी म्हणायचं, एक तिने. दीपगृहावरच्या म्हाताऱ्याचा उतारा आम्ही टाळ्यांवर बसवला. नावेतल्या बकरीचा तिने अभिनयासकट केला, बकरी माझ्यापेक्षा चांगली केली. बारा दिवसांत सहाही उतारे तोंडपाठ, स्वल्पविरामाला थांबण्यासकट. ठमे, मला इतका आनंद झाला होता की मी त्या दिवशी मुद्दाम निळी साडी नेसून आले.

पुढचं तू पाहिलं नाहीस, कारण तू खिडकीशी उभी राहून ऑफिसच्या कुणाला तरी झापत होतीस. मी दाराच्या काचेतून पाहत होते. बाईंनी पहिला उतारा समोर ठेवला, स्टॉपवॉच सुरू केलं. खारूने धडाधड वाचला. दुसराही वाचला. बाईंनी मान जरा तिरकी केली. तिसऱ्या उताऱ्याच्या मध्यावर त्यांनी आपला उजवा हात अलगद उचलला आणि पानावर पालथा ठेवला. सगळं पान झाकलं गेलं. आणि आपली खारू बाईंच्या त्या हाताकडे बघत, बोटांवरून नजर डावीकडून उजवीकडे फिरवत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिली.

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण बाईंनी हात उचलला, घड्याळ बंद केलं, काहीतरी विचारलं, आणि खारूने अभिमानाने काचेतून माझ्याकडे बोट दाखवलं. बाई बाहेर आल्या त्यासुद्धा रागावून नाहीत. त्यांनी सांगितलं की मुलीचे सहाही उतारे पाठ आहेत, त्यामुळे आजच्या वाचनाची नोंद धरता येणार नाही, दुसरा संच घेऊन पुन्हा बसावं लागेल, आणि तारीख तीन मार्चशिवाय रिकामी नाही. तुझा चेहरा उतरला ते मला दिसलं. शाळेने दहा मार्चच्या आत अहवाल मागितला आहे, तो नसेल तर परीक्षेत जादा वेळ नाही, प्रश्न वाचून दाखवायला कोणी नाही, आणि खारू पुन्हा कोरी उत्तरपत्रिका देऊन येणार. तू चिडलीस ते बरोबरच होतं. चिडून जे बोललीस ते मात्र साफ चुकीचं होतं. तुझं ते वाक्य पुरं व्हायच्या आधी खारूने माझा पदर ओढून मला हळूच काय सांगितलं, ते तू ऐकलं नाहीस. ती म्हणाली, "आजी, त्यांनी हात ठेवला तरी मी थांबले नाही. बघितलंस ना?"

मी थांबले होते, ठमे.

कॉन्व्हेंट शाळेत, माझ्या तिसरीच्या वर्गात, सिस्टरने असाच हात ठेवला होता. पांढरा, खडूचा वास येणारा, करंगळीत चांदीची अंगठी. वर्गात मी सगळ्यात छान वाचते असं तोवर सगळ्यांना वाटत होतं, कारण माझ्या आधी चार मुलींनी धडा वाचलेला असायचा आणि चार वेळा ऐकलं की मला पुरायचं. त्या दिवशी तिने क्रम बदलला, पहिलं मला उठवलं. मला आदल्या दिवशीचा धडा येत होता, तो मी म्हणायला लागले. तिने पानावर हात ठेवला आणि मी हाताकडे बघून गप्प झाले. मला व्हरांड्यात उभं केलं. प्रगतिपुस्तकात शेरा आला, आळशी आणि लबाड. तो शेराही मला मैत्रिणीकडून वाचून घ्यावा लागला. त्यानंतर मी कुणाला माझ्या पानावर हात ठेवू दिला नाही. वक्तृत्वाचे ते चार कप, जे तू दर सुट्टीत घासूनपुसून ठेवायचीस, ते मी त्यानंतरच मिळवले. व्यासपीठावर कागद न घेता उभी राहते म्हणून माझं कोण कौतुक व्हायचं.

आता तुझ्या लक्षात यायला लागलं असेल. तू हुशार आहेस, माझ्यासारखी नुसती पाठांतराची नाहीस.

हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर मी एकतीस वर्षं काढली. चारशे बारा एक्स्टेन्शन, एकदाही डिरेक्टरी उघडली नाही. तू लहान असताना मला आकडा टाकायचीस, छत्तीस, आणि मी म्हणायची, एक्स-रे. एकशे नव्वद, शवागार, हे मी तुला हळू आवाजात सांगायची आणि तू खुदकन हसायचीस. भलेभले डॉक्टर माझ्या इंग्रजीला वचकून असायचे. मग बोर्ड जाऊन स्क्रीन आला, त्यावर नावं मुंग्यांसारखी वर-खाली पळायची, त्यातून एक वेचायचं आणि बटण दाबायचं. मी तीन वर्षं आधी नोकरी सोडली आणि तुला सांगितलं की नव्या साहेबाशी माझं पटलं नाही. तो बिचारा सज्जन होता. निरोपाच्या दिवशी त्याने मला फुलं दिली.

तुझे बाबा रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे. कोर्टाच्या नोटिसा आणि छोट्या जाहिरातीसुद्धा. तू त्यांना आकाशवाणी म्हणून चिडवायचीस. ते कुणासाठी वाचायचे ते त्यांनी तुला कधी सांगितलं नाही, इतके ते चांगले होते. आणि तुझी शाळेची पुस्तकं, सूचना, लाइट कंपनीची पत्रं मी तुला माझ्यासमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावायची, उच्चार सुधारावेत म्हणून. तुझे उच्चार पहिलीपासूनच उत्तम होते. तुझं वाचन इतकं चांगलं झालं त्याचं श्रेय मी इतकी वर्षं घेत आले, ते आज परत करते.

मला अजिबात वाचता येत नाही असं समजू नकोस, तेवढा अपमान नको. येतं. ओळीखाली पट्टी धरून, एकेक शब्द दाबून बघत, एका सकाळी एक पान. आंबा पिकलाय का बघावा तसं. दुपारपर्यंत डोकं भणभणतं. शेजारच्या बाईंच्या झेरॉक्सला माझ्या बारा सकाळी गेल्या, त्या अशा. खारूला मी दुसरं काय शिकवणार होते? मला आयुष्यात तेवढी एकच युक्ती सापडली, ती साठ वर्षं चालली, मी तीच तिला दिली. लबाडी करायला शिकवत नव्हते गं. माझ्याकडचं सगळ्यात चांगलं देत होते.

पहिल्या भेटीत बाईंनी तुला तो लांबलचक फॉर्म भरायला दिला. त्यात एक रकाना होता, कुटुंबात आणखी कुणाला लिहिण्यावाचण्याची अडचण होती का. तू मोठ्याने वाचलंस, माझ्याकडे बघून हसलीस आणि झटक्यात 'नाही' लिहिलंस. मी पर्सची चेन उघडत आणि मिटत बसले. खारूची वाचनाची नोंद मी बारा तारखेला नासवली असं तू म्हणतेस. मी ती त्या दिवशी त्या खुर्चीत बसून आधीच नासवली होती.

आता जे लिहायचं आहे ते लिहिण्यासाठीच बाकीचं लिहिलं. तू हॉस्टेलला गेलीस तेव्हा बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तुझी पत्रं यायची, पाच-पाच पानांची, त्या मुंगीच्या अक्षरात. मी दर रविवारी सकाळी नऊला पट्टी घेऊन बसायची. संध्याकाळी सातला तुला फोन करायची वेळ यायची तोवर दोन पानं व्हायची, कधी दीड. तेवढ्यावर मी बोलायची. उरलेलं आठवडाभर पुरवून पुरवून वाचायची. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तुझं एक पत्र आलं. पहिल्या पानावर मेसचं पाणचट वरण होतं, दुसऱ्यावर खोलीतल्या मुलीचं घोरणं. मी त्या रविवारी फोनवर त्या घोरण्यावरून तुला हसवायचा किती प्रयत्न केला. तू हसली नाहीस. त्या आठवड्यात मला ताप आला तो पंधरा दिवस हटला नाही, फोनही राहिला आणि पत्र उशाशी पडून राहिलं. चौथ्या पानावर तू लिहिलं होतंस की तुला तिथे राहवत नाही, फोनवर बोलता येत नाही कारण वॉर्डनबाई समोर बसलेल्या असतात, मी शनिवारी तुला घ्यायला यावं, तू दुपारपासून गेटपाशी थांबशील. त्या पानापर्यंत मी पोचले तेव्हा तो शनिवार होऊन अकरा दिवस झाले होते.

तू किती वाजेपर्यंत थांबलीस हे विचारायचा मला आजवर धीर झाला नाही. त्यानंतर तुझी पत्रं एका पानाची यायला लागली. एक पान मी पुरं वाचू शकत होते आणि ते वाचताना मला रडू यायचं. तू एकदा विचारलंस की सगळ्यांच्या आया पत्रं लिहितात, तू का लिहीत नाहीस. मी म्हणाले होते, माझ्यासारख्या बाईला कुठला आलाय वेळ. ठमे, मी आले असते. ते पान पहिलं असतं तर मी त्या रात्रीच्या गाडीने आले असते.

हे माझं तुला पहिलं पत्र. खारूने मला फोनशी बोलायला शिकवलं आहे, तो ऐकून टाइप करतो. तसं हे आधी बोलले, मग अक्षरं मोठी करून स्वतःच्या हाताने उतरवलं, म्हणून नऊ दिवस लागले. जिथे खाडाखोड आहे तिथे माझी आहे, फोनची नाही. सोमवारी, तीन मार्चला, सकाळी अकराला मी खारूबरोबर येणार आहे आणि त्या रकान्यातलं तुझं 'नाही' खोडून तिथे 'आजी' असं मी स्वतः लिहिणार आहे, खारूच्या समोर. बाईंना माझ्याही पानावर हात ठेवून बघायचं असेल तर माझी तयारी आहे. पॅसेजमधलं वाक्य तू परत घ्यावंस अशी माझी मागणी आहे आणि खारूच्या दुपारच्या वेळा मला परत हव्यात, उतारे शिकवणार नाही असं हे लिहून देते. तुझं उत्तर मला लेखी हवं. फोन करू नकोस, फोनवर मी भल्याभल्यांना गुंडाळलं आहे, तुलाही गुंडाळेन. गुरुवार, सत्तावीस फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या दारातल्या पेटीत टाक. गेटपाशी किती वाजेपर्यंत थांबलीस तेही लिही. हवं तेवढं लांब लिही, अक्षर मात्र जरा मोठं काढ. गुरुवार अशासाठी म्हटलं की सोमवारपर्यंत मला मध्ये तीन दिवस मिळतात, आणि या वेळी मी चौथ्या पानापर्यंत वेळेत पोचणार आहे.

तुझीच,
आई