खपलीचं कुंपण

अमरावती, १४ फेब्रुवारी १९५८

सौ. गोदावरीस आशीर्वाद. मला दोन वेळचं जेवण जातं, काळजी नको.

सोमवारी सकाळी दवाखान्यातच पूजेला बसण्याआधी मी टाचेच्या जखमेवरची खपली रोजच्यासारखी गरम पाण्यानं सोलून काढली. साकळलेलं रक्त अंगावर असताना देवाला शिवू नये, ही वडिलांची शिकवण.

पट्टी बांधणारे शेषराव रागावले. "काहून काढता जी? गोठलेलं रक्त म्हंजे कुंपण. जंतू त्यात अडकतात, पुढं सरकत नाहीत. तुमी रोज कुंपण उपटून ढोरं आत सोडून राहिले."

तुला आधी कळवलं नव्हतं. सूज घोट्यावर चढली तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले आहेत.

तरी पुढचे तीन दिवस मी खपली काढतच राहिलो. फार थकलो आहे. जंतूंना अडवणारं हे रक्त देवानंच दिलं, मग त्याचा विटाळ त्याला कसा होईल?

तुझा खोकला कसा आहे? हिवरखेडला थंडी असेल, आपल्या वसंताला कानटोपी घालायला सांग.

आज सकाळी खपलीला हात लावला नाही. तशाच पायानं पूजेला बसलो आणि बाळकृष्णाला आंघोळ घातली.

मोरेश्वर