पुढे चालणाऱ्याचा उजेड

सर, मी डोक्याला बांधायचा दिवा विकत घेतला. हेडलॅम्प म्हणतात त्याला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही तो पाहिलाही नसेल. हातात घेतला तर मोठं लिंबू धरल्यासारखा वाटतो. पट्टा कपाळावरून मागे घ्यायचा, बटण दाबायचं, दोन्ही हात मोकळे. तुम्हाला तो मुळीच आवडला नसता. हल्ली गडावर जाणाऱ्या प्रत्येकाकडे आपापला दिवा असतो, आणि प्रत्येकाकडे उजेड असला की तुमच्यासारख्या माणसाला करण्याजोगं फारसं काही उरत नाही.

माझी नात सुट्टीच्या दिवशी मित्रमैत्रिणींना घेऊन गड चढते. परवा मी म्हटलं, मलाही ने. ती हसली नाही, हे तिचं मला आवडतं. म्हणाली, "आबा, आधी माझ्याबरोबर टेकडी. पहाटे, अंधारात चढायची आणि उजाडायच्या आत उतरायची. जमलं तर रविवारी सिंहगड. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." सूनबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "गुडघ्यांना विचारलंत का?" मी म्हटलं, "त्यांना कशाला विचारू, ते नाहीच म्हणणार." पण खरं सांगायचं तर पुढच्या वर्षी मला कोणी विचारील असं नाही, आणि त्या गडाचा माथा मी आजवर पाहिलेला नाही. शाळेच्या सहलीत अर्ध्या वाटेवरून मला उतरावं लागलं, ते तुमच्यामुळे.

तुमची टॉर्च मला अजून दिसते. स्टीलची, तीन सेलची, काठीसारखी लांब. पिशवीत चुकून बटण दाबलं जाऊन सेल संपू नयेत म्हणून तुम्ही त्यातला एक उलटा घालून ठेवायचात. पायथ्याशी आम्ही पोरं काळोखात उभी आहोत, पानसुद्धा हलत नाही, आणि तुम्ही सावकाश मागचं झाकण फिरवताय, अंदाजानेच सेल सुलटा करताय. वर्गात कविता सुरू करण्याआधीही तुम्ही असेच थांबायचात. खिडकीबाहेर बघायचात, आणि मग पहिली ओळ अशी यायची की बाहेरचं चिंचेचं झाड त्या ओळीसाठीच तिथे उभं आहे असं वाटायचं. त्या थांबण्यावर मी जीव टाकायचो. म्हणून तर आजही रागावताना मी तुम्हाला सरच म्हणतो.

टॉर्च एकच, ती सरांच्या हातात, बाकीच्यांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, असा तुमचा नियम. रांग तुम्ही लावलीत. "धायरी, तू शेवटी," म्हणालात. मला नाव होतं, पण तुम्ही कधी घेतलं नाहीत. धायरी तेव्हा शेतांचं गाव होतं आणि मी तिथून चालत शाळेत येणारा एकटाच. "गावच्यांना अंधाराची सवय असते." मी म्हणालो, "सर, ही वाट माझ्या पायाखालची नाय." तोवर तुम्ही रांगेच्या पुढे निघूनही गेला होतात. अंधाराची सवय नसते कुणाला, सर. आपल्या बांधाची असते, आपल्या विहिरीच्या काठाची असते. हे कळायला कविता शिकवावी लागत नाही. नुसता अंधार असता तरी चाललं असतं, डोळे सरावतात. पण तुम्ही मधूनच टॉर्च मागे फिरवायचात, डोळे दिपायचे, आणि तुम्ही पुढे वळलात की होतं तेवढंही दिसेनासं व्हायचं. अशाच एका वळणावर माझ्या हातातून पुढचा खांदा सुटला आणि मी पाय मुरगळून घळीत गेलो. तुम्ही परत आलात. टॉर्च माझ्या पायावर धरली नाहीत. तोंडावर धरलीत. मी रडत होतो, ते सगळ्यांना दिसलं. "कविराज आकाशाकडे बघून चालत असणार," तुम्ही म्हणालात, आणि सगळी रांग हसली. पुढे दर सहलीला एकच वाक्य: "तू राहू दे."

तर दिवा. स्वारगेटच्या मागे एका गल्लीत ताडपत्र्यांचं जुनं दुकान आहे. दुकानाच्या बाईंचे आजोबा मांडवासाठी ताडपत्र्या विकायचे, बाई त्याच फळ्यांवर तंबू, पाठपिशव्या आणि दिवे मांडून बसतात. मी ऐटीत विचारलं, "उजेड किती लांब पडतो?"

"काका, गड चढायचाय की विमान उतरवायचंय?"

"गड."

"मग लांबचं राहू द्या. पाऊल कुठे पडतंय ते दिसायला पाहिजे. पसरट उजेडाचा घ्या. आणि हलका घ्या, मान तुमची आहे."

चार्जिंगचा की सेलचा, यावर मी बराच वेळ घेतला. चार्जिंगचा जास्त हलका होता. पण मध्येच मान टाकली तर गडावर प्लग कुठे शोधणार? शेवटी बारीक सेलचा घेतला, जादा सेल खिशात. दोन दिवसांनी लावून बघतो तर लागेना. तडक बसने दुकानात गेलो आणि बंद माल दिलात म्हणून चार शब्द सुनावले. बाईंनी शांतपणे झाकण उघडलं.

"हा सेल उलटा कोणी घातला?"

मी फळीवरचे तंबू बघू लागलो.

"काका?"

"मीच. पिशवीत आपोआप लागू नये म्हणून."

"त्याला लॉक आहे. बटण दाबून धरायचं. आमचे अब्बा पण असंच करायचे, पण ते दुकानात भांडायला नाही जायचे."

परत येताना बसमध्ये मला तुमचा असा संताप आला की कोथरूडचा स्टॉप मागे गेला. तुम्ही शिकवलेल्या कवितांमधली कडवी आता गळायला लागली आहेत, कुठे पहिली ओळ आठवते तर कुठे नुसती चाल. आणि हातात मात्र तुमचा उलटा सेल जसाच्या तसा.

संध्याकाळी दिवे मालवून मी तो बांधून घरात फिरत होतो. सूनबाई समोर आल्या, मी काही बोलायला म्हणून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो बाबा, डोळ्यांत येतोय," त्या हाताआडून म्हणाल्या. मी मान खाली घातली आणि तसाच उभा राहिलो. क्षणभर वाटलं, तुमचंही असंच झालं असेल का? मग वाटलं, नाही. हा दिवा कपाळावर असतो, आपण पाहू तिकडे चुकून जातो. तुमचा हातात होता. हातातला दिवा कुणाच्या तोंडावर आपोआप जात नाही, सर. तो धरावा लागतो.

आज पहाटे टेकडी केली. पायथ्याशी नात म्हणाली, "तुम्ही पुढे, आबा. मी मागे."

"मी पुढे? एवढा मान?"

"मान नाही, नियम आहे. सगळ्यात हळू चालणारा पुढे. जो घेऊन जातो तो शेवटी."

हा नियम तुमच्या कानांवर कधी आला नव्हता, की आला होता आणि पटला नव्हता? मी चालू लागलो. पायापुढे उजेडाचं एक तबक, त्यात वाळलेलं गवत, लाल माती, दगडाच्या कडेला दवाने चमकणारं कोळ्याचं जाळं. लांबून मोर ओरडला. गुडघे कुरकुरत होते, पण मी थांबलो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे कुणाची पाठ नव्हती. माथ्यावर पोचलो, उतरलोही, आणि खाली आल्यावर नात म्हणाली, "रविवारी पहिल्या बसने निघायचं. डबा सांगून ठेवा आईला."

तेव्हा तिचा तळहात दिसला. सोलपटलेला, मातीने भरलेला.

"हे काय?"

"चढताना पाय सरकला एकदा. काही नाही."

"मग हाक मारायची."

"मारली की. तुम्ही चालतच होता."

मी म्हणालो, "वळलो असतो तर उजेड तुझ्या डोळ्यांत गेला असता." तिला ते पटलं. "बरोबर केलंत, आबा. बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही," म्हणाली आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे केली.

यावरून मी तुम्हाला समजून घेतलं असं समजू नका. माफ तर नाहीच केलेलं. हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही, पण तो घरातही कुठे राहू देणार नाही, नातीच्या हाती लागायला नको. कारण तिला मी सांगितलं ते खरं नव्हतं. तिच्या डोळ्यांचा विचार तेव्हा माझ्या मनात आलाच नव्हता. हाक बहुतेक ऐकली होती. पुढची वाट फार सुंदर दिसत होती.