टरफल समिती

४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, नोकरीची मात्र खात्री देता येत नाही. तू दुधाच्या गाडीबरोबर धाडतेस ती अंडी रोज सकाळी कँटीनमध्ये पोचतात आणि मी लगेच उकडायला टाकतो. पण सोलताना टरफलाबरोबर निम्मं अंडं निघून येतं. अंडीच हट्टी आहेत असं मला वाटतं. परवा मोठ्या साहेबांनी बशीत बघून विचारलं की हे उंदराने कुरतडलंय का.

झालं, मॅनेजरांनी समिती नेमली. हिशेबनीस, स्टोअरकीपर आणि गेटवरचे दरवान. तिघांपैकी एकानेही आजवर स्वतःचा चहासुद्धा उकळलेला नाही. त्यांनी टिपणात पाण्यात मीठ घाला असं लिहिलं आणि पुढच्याच ओळीत दोष माझ्या नखांवर टाकला. सोमवारी त्यांच्यासमोर बारा अंडी सोलायची आहेत. जमलं नाही तर महिनाअखेर मी घरी. तू जन्मभर कोंबड्या पाळल्यास, काही उपाय कळव.

काकांना नमस्कार. नोकरी जावो की राहो, लोभ कमी करू नये.

तुझा,
लंबू


६ मार्च

चि. लंबूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून काळजी वाटली आणि हसूही आलं. तीन शहाण्यांना एक अंडं समजत नाही आणि शिक्षा चौथ्याला! पण तूही माझ्या अंड्यांना नावं ठेवू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत. पंचक्रोशीत लोक माझ्या ताज्या अंड्यांसाठी रांग लावतात.

तू घाबरू नकोस. सोमवारी खुराड्यातून कोमट अंडी काढून तशीच गाडीवाल्याच्या हाती देते. यापेक्षा ताजं राजालाही मिळायचं नाही. नखं तेवढी काप.

आशीर्वाद आहेतच,
मावशी


१२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस लिहायचा धीर होत नव्हता. सोमवारी तुझी कोमट अंडी आली, उकडली, आणि बाराच्या बारांची चाळण झाली. हिशेबनीस प्रत्येक अंड्यापुढे फुली मारत होते. मला तिथेच नापास केलं असतं, पण त्यांची चहाची वेळ झाली म्हणून निकाल दुपारवर गेला.

तेवढ्यात भांडी घासणाऱ्या बाई मला म्हणाल्या, “अरे, ताजं अंडं जीव गेला तरी टरफल सोडत नाही. आठ दिवस जुनं घे.” कपाटामागे एक विसरलेला ट्रे होता. त्यातली अंडी उकळत्या पाण्यात सोडली, मग गार पाण्यात बुडवली. दुपारी समितीसमोर बाराही गुळगुळीत निघाली. समितीने अहवालात लिहिलं की मिठामुळे यश आलं. मी मीठ घातलंच नव्हतं.

महिनाभर रोज अशीच निघाली तर मला कायम करणार आहेत. म्हणून मावशी, रागावू नकोस, पण यापुढे अंडी आठ दिवस घरी ठेवून मग धाड. तुला जमणार नसेल तर मला दुसरीकडून घ्यावी लागतील, आणि ते माझ्याच्याने होणार नाही.

उत्तराची वाट पाहतो. लोभ मागायचीही आज भीती वाटते.

तुझा,
लंबू


१६ मार्च

चि. लंबूस,
अ. उ. आ.

आधी भयंकर राग आला. मी, आणि शिळी अंडी! तुला खोटं पाडायचं म्हणून खुराड्याच्या कोपऱ्यात राहून गेलेलं आठ दिवसांचं एक अंडं उकडून तुझ्या काकांपुढे ठेवलं. तुला सांगते, लग्न झाल्यापासून मी त्यांना वेंधळे म्हणत आले. पाहुण्यांसमोरसुद्धा. का, तर यांना साधं अंडं सोलता येत नाही.

त्यांनी सोललं तर टरफल दोन तुकड्यांत निघालं. मी विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का. ते म्हणाले, “पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण तुला तुझ्या ताज्या अंड्यांचं केवढं कौतुक.” मला फार रडू आलं रे.

तुला आठ दिवसांची धाडते, टोपलीवर तारीख घालून. नोकरी सांभाळ. ताजी आम्ही घरी खातो. ती आता मी सोलते. माझ्याही हातून चाळण होते, आणि हे चकार शब्द काढत नाहीत.

तुझी,
मावशी