टीव्हीशी बोललेलं

आई, आज कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझं एका नव्या प्राध्यापकाशी वाजलं. बायका मालिका बघण्यात आयुष्य वाया घालवतात, असं तो डबा खाता खाता म्हणाला, तेही हातातल्या मोबाइलवरून नजर न काढता. मी त्याला म्हटलं, मी इथे शिकवते आहे ती एका मालिकेच्या जिवावर. सगळे हसले. मी गंमत करत नव्हते.

संध्याकाळी मळ्यातली मेथी घरी आली की तू टीव्हीसमोर बसायचीस. मलकापूरच्या बाजारासाठी जुड्या बांधायच्या असत. शेजारच्या काकू सुपात डाळ निवडायला घेऊन यायच्या. हात चालू आहेत, पडद्यावरची सासू तीन-तीनदा मान वळवते आहे आणि तुम्ही दोघी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करता आहात. बाबा टीव्हीकडे पाठ करून जेवायचे. "रिकामे धंदे हायेत सारे," म्हणायचे. बाबांना उलट बोलणं आपल्या घरात नव्हतंच. त्यांनी भाजीला नावं ठेवली की तू मालिकेतल्या सासऱ्याला झापायचीस, आणि बाबा मुकाट्याने जेवायचे.

बारावीनंतर त्यांनी माझं शिक्षण बंद म्हणून सांगितलं. पोर एकटी रोज एसटीनं मलकापूरला जाणार नाही, विषय संपला. त्या संध्याकाळी मालिकेत जाऊबाई खिरीत विष कालवते आहे, काकू श्वास रोखून बसल्या आहेत, आणि तू हातातली जुडी आपटून पडद्यावर ओरडतेस, "काऊन अडवून राह्यला रे पोरीले? शिकली तं तुह्या घरची इज्जत जाते काय? तिच्या मायले शिकाले भेटलं नाही, आता तिलेही नको?"

पडद्यावर ना बाप होता ना मुलगी. काकू तुझ्याकडे बघतच राहिल्या. बाबांचा घास हातातच थांबला. मग मागे न वळता ते म्हणाले, "त्या बापाले सांग, जाऊ दे म्हणा पोरीले. पन दिवस बुडायच्या आत घरी आली पाहिजे."

नंतर स्वयंपाकघरात मला चिमटा काढून तू म्हणालीस, "पाठ होती न त्याईची! त्याईले वाटलं, मालिकेतलंच चालू हाय. आता सोताच्याच तोंडानं हो म्हनले, मांगं कसे फिरतीन?" पुढे कितीतरी वर्षं तू ही गोष्ट काकूंसोबत रंगवून सांगत राहिलीस. इतकं खूश मी तुला क्वचितच पाहिलं. वेळ कसा घालवावा हे मला आता कोणी शिकवू नये. त्या घरात मनातलं बोलायला तुला तेवढाच अर्धा तास मिळायचा, आणि तो तू माझ्यासाठी खर्च केलास. मला तुझा फार अभिमान वाटतो.

एक गोष्ट मात्र मी तुझ्यापासून लपवली. माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा बाबा मला एसटी स्टँडवर घ्यायला आले होते. घराकडे चालताना हळूच म्हणाले, "तुह्या मायले सांगू नको. पन त्या दिवशी मालिकेत खीर चालू होती. कान तं उघडेच होते माहे."

त्यांना फसवल्याचा तुझा आनंद मला मोडवेना. पण बाबा फसले नव्हते, आई. त्यांनी तुझं ऐकलं होतं.