बिनानावाची मूठ

आई, आज तुझं मडकं माळ्यावरून खाली काढलं आणि धुऊन चुलीशेजारी ठेवलं. दळायला बसण्याआधी सुपातली एक मूठ बाजरी तू त्यात टाकायचीस. ती देवाची. रविवारी सगळ्या बायकांच्या मुठी आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात जमायच्या आणि वस्तीतल्या निराधार म्हाताऱ्यांकडे जायच्या. मूठ टाकताना तू एका माणसाचं नाव घ्यायचीस, तेवढीच प्रार्थना. एकदा भांडकुदळ काकूचं नाव घेताना मूठ लहान भरली, तशी थांबून आणखी चार दाणे टाकलेस. मी हसले, तर म्हणालीस, "हस की. ती कशी हाय ते देवाला ठावं हाय."

बाबांचं नाव मात्र घ्यायची नाहीस. नवऱ्याचं नाव बाईनं कसं घ्यावं? "मग देवाला कळतं कसं?" मी विचारलं. "कळतं तर! बिनानावाची मूठ तुज्या बाची."

पुण्याच्या कॉलेजातून मी सुट्टीला आले आणि जेवणाआधी एवढी लांब प्रार्थना केली, की कालवण निवून गेलं. "देवाला परीक्षा देतीस व्हय गं?" मी ताठपणे सांगितलं, प्रार्थनेला शब्द लागतात. तू भाकरी मोडत म्हणालीस, "लागत्यात की. पन नसले, तर मानसानं उपाशी ऱ्हावं का?"

तुझे जावई उन्हाळ्यात अर्धांगाने पडले. ज्या पाळकांच्या तोंडून सारी मंडळी देवाशी बोलायची, त्यांच्या तोंडून आता नुसता घोगरा आवाज येतो. रोज संध्याकाळी खाटेशी बसून मी त्यांच्याकडून प्रभूची प्रार्थना म्हणवून घेऊ लागले, शाळेत पहिलीच्या मुलींकडून घेते तशी, एकेक शब्द सुटा करून. काल त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग मी एकटीनेच सुरुवात केली आणि अर्ध्यावर माझेही शब्द संपले. घरात दोन माणसं, आणि देवाशी बोलणारं कोणी नाही. आई, मला आजाराची वाटली नव्हती एवढी भीती त्या घटकेला वाटली.

म्हणून आज सकाळी सूप त्यांच्या खाटेवर ठेवते, मडकं जवळ ओढते, मूठ भरते आणि काही न बोलता टाकते. ते बघत राहतात. तुझी रीत त्यांना ठाऊक आहे. लग्नानंतर तूच त्यांच्या लांबलचक प्रार्थनांची चेष्टा करत सांगितली होतीस. बऱ्याच वेळाने ते डावा हात सुपात घालतात. निम्मी बाजरी चादरीवर सांडते, उरलेली मडक्यात पडते. तोंडातून अक्षर नाही. फक्त माझ्याकडे पाहतात, आणि ती मूठ कोणाची ते मला कळतं.

"चादर खराब केलीत," मी म्हणते. ते हसतात, एका बाजूने.

हे पत्र टपालात टाकण्याजोगं नाही. मडक्याखाली घडी घालून ठेवते आहे. मेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्यात करत नाहीत, हे मीच मुलींना बजावून सांगते. तरी सांडलेले दाणे वेचून झाल्यावर मी आणखी एक मूठ टाकली. नाव घेतलं नाही, एवढंच.