‘आमचा फाटा’ला वीसपैकी अकरा

१६ डिसेंबर, सोमवार
नववीचे पाचही गट आज आपापलं वर्तमानपत्र देऊन गेले. ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, इंदापूरला दोन तालुक्यांचं प्रदर्शन आहे. आमच्या शाळेतून एकच पेपर जाणार, तो मी निवडणार. मार्गदर्शक शिक्षकाला प्रमाणपत्र. माझ्या फाइलमध्ये तेवढंच कमी आहे.
खऱ्या पेपरसारखा दिसला पाहिजे, त्यालाच पाच गुण, हे घसा फोडून सांगितलं होतं. तरी चार गटांनी चार्टपेपरवर चमकी लावून आणली. रुखवतच मांडलं जणू. पाचव्या गटानं मात्र ऐकलं. तमन्ना संपादक, राजनंदिनी आणि सौरभ बातमीदार. तमन्नाच्या मामाचा, अफजलभाईंचा, बारामतीत लग्नपत्रिकांचा प्रेस आहे. तिथून पेपरच्याच कागदावर चार पानं छापून आणली. नाव ‘आमचा फाटा’. सध्या एकच प्रत. मी तपासून हो म्हटलं की मामा शंभर काढणार.
तमन्ना म्हणाली, सर, लवकर बघा, इंदापूरला वाहतुकीचे साहेब येणार हायत, त्यांच्या हातात ह्यो पेपर पडलाच पाहिजे. म्हणालो, रविवारी निवांत वाचतो. घाईत वाचणं म्हणजे मुलांवर अन्याय.

१९ डिसेंबर, गुरुवार
संकल्प होता: रोज एक पेपर. झाले शून्य. लाल पेन संपलं, माझा इलाज नाही. तमन्नानं विचारलं. वाचतोय म्हणालो.

२२ डिसेंबर, रविवार, सकाळी ७
आज पाचही उडवायचे. चष्मा पुसला. नवं पेन.

त्याच दिवशी, दुपारी ४
मटणानंतर डोळा लागला. चूक मटणाची. उठून बघतो तर चार चमकीवाले जागेवर, ‘आमचा फाटा’ गायब. हिला विचारलं. ही म्हणाली, शाळंच्या कशाला बी हात लावला न्हाय, नुसती पेपरची रद्दी दिली. आमची रद्दी दर रविवारी फाट्यावर अल्लाबक्षच्या भजीच्या गाड्यावर जाते आणि बदल्यात कांदाभजी येतात. वडिलांपासूनची पद्धत. म्हणजे प्रश्न मिटला, पेपर शाळेतच राहिला असणार.
भजी छान होती.

२४ डिसेंबर, मंगळवार
मुख्याध्यापक आबाजी सरांनी गुण आजच मागितले. चार गटांना पंधरा, चौदा, पंधरा, चौदा. पाचवा पेपर शाळेच्या कपाटात नाही. हरवलेला नाही, सध्या दिसत नाही इतकंच. वीस वर्षांच्या अनुभवाला कागद समोर लागतोच असं नाही. दिसण्याचे पाच पूर्ण दिले, बाकीचे सहा. एकूण अकरा. शेरा: ‘बातमीत जीव नाही. गावाकडे डोळे उघडून बघा. खऱ्या पत्रकारांचं वाचा.’ हा शेरा कुठल्याही नववीला चालतो.
इंदापूरला यशराजच्या गटाचा पेपर पाठवायचं ठरवलं. चमकी कमी आहे.

२८ डिसेंबर, शनिवार
राजनंदिनी मधल्या सुट्टीत रडत होती. तिचा हात प्लास्टरमध्ये आहे. सायकलवरून पडली म्हणे. कुठं, ते विचारायचं राहिलं. तमन्नानं विचारलं, सर, नेमकी कुठल्या बातमीत जीव न्हाय? सगळ्याच, म्हणालो. मग पेपर परत मागितला. तपासलेली प्रत परत देता येत नाही, असा नियम आहे, हे तिला सांगितलं. असा नियम नसेल तर असायला हवा.

३१ डिसेंबर, मंगळवार
शाळा सुटल्यावर अल्लाबक्षच्या गाड्यावर. भजीखालच्या कागदावर सहज नजर गेली आणि खिळलीच. ‘आठ दिवसांत आमच्या फाट्यावरून उसाचे दोनशे चौदा ट्रॅक्टर गेले. एकसष्टांच्या मागे अंधारात चमकणारी लाल पट्टी नव्हती. सत्त्याण्णवांवर गाणी इतकी मोठी की सायकलची घंटा ऐकू येत नाही. शाळा सुटल्यावर एक मुलगी ट्रॉलीचा धक्का लागून रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत पडली. ट्रॅक्टरवाल्याला कळलंही नाही. तो गाणं म्हणत पुढं गेला.’
अंगावर काटा आला. भजी गार झाली. हा नक्की पुण्याचा बातमीदार! आठ दिवस आमच्या फाट्यावर बसून मोजतोय आणि मला पत्ता नाही. अल्लाबक्ष म्हणाला, लई झ्याक लिवलंय सर, पैलं पान तर म्या खिळ्याला लावून ठिवलंय, गिऱ्हाइकं वाचत्यात. ते बघणार होतो, तेवढ्यात दुसरी प्लेट आली.
तुकडा घडी करून खिशात घातला. संकल्प: वर्गात नमुना म्हणून वाचायचा. यांना कळू दे, बातमी कशाला म्हणतात.

२ जानेवारी, गुरुवार
वाचला. आवाज चांगला लागला होता. वर्ग चिडीचूप. म्हटलं, पडला प्रभाव. बोलतच सुटलो, भजीखाली कसा सापडला तेही सांगितलं. याला मी डोळे झाकून वीसपैकी वीस देईन, म्हणालो. पुण्याचा माणूस येऊन तुमचं दुखणं मांडतो, आणि तुम्ही काय करता?
सौरभनं तोंड बाकाखाली घातलं. राजनंदिनीनं प्लास्टरचा हात वर केला. म्हणाली, सर, चारीत पडलेली मुलगी मीच हाय. तमन्ना उठली. म्हणाली, आन् पुण्याचा माणूस म्हंजी आमी.
म्हणालो, मला माहीत होतं, तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. पटलं असावं. तमन्नानं तुकडा मागून घेतला. तेलकट झालाय म्हटलं, तर चालंल म्हणाली.
घरी आल्यावर जेवण गेलं नाही. लाज वाटली. इथं तरी खोटं कशाला लिहू? पंधरा दिवसांच्या वर पोरगी हातात प्लास्टर घेऊन माझ्यासमोर बसली होती.

३ जानेवारी, शुक्रवार
अकरावर व्हाइटनर लावून वीस केले. आबाजी सरांनी चष्म्यावरून पाहिलं. इंदापूरला ‘आमचा फाटा’च जाणार. तमन्नाला म्हणालो, काढा शंभर प्रती, मजकुराला हात लावू नका. ती म्हणाली, मामाच्या कॉम्प्युटरवर सगळं हाय, फक्त एक चौकट वाढवलीय, बघता का? एसटी चुकत होती. न बघता सही केली.

६ जानेवारी, सोमवार
इंदापूर. वाहतुकीच्या साहेबांनी पहिलं पान उभ्या उभ्या वाचलं. राजनंदिनीचा हात पाहिला. उद्यापासून फाट्यावर माणूस उभा करतो, पट्टीशिवाय एकही ट्रॉली पुढं जाणार नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले. पोरी आनंदानं नाचायच्याच बाकी होत्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.
मग साहेबांची नजर खालच्या चौकटीवर गेली. ते हसायला लागले आणि मोठ्यानं वाचायला लागले. ‘एकाच बातमीवर आमच्या सरांचे दोन अभिप्राय. २४ डिसेंबर, न वाचता: बातमीत जीव नाही, अकरा. २ जानेवारी, भजीखाली वाचून: वीसपैकी वीस.’ शेजारी त्या तुकड्याचा फोटो, डागासकट. खाली माझं पूर्ण नाव. आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं.
कोण हे सर, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी शेजारच्या स्टॉलवर डाळिंबाच्या रोगांचा तक्ता बारकाईनं बघत होतो.
पहिला नंबर आला. प्रमाणपत्रासाठी माझं नाव पुकारलं. स्टेजवर जाईपर्यंत टाळ्या थांबल्या नाहीत. हशाही होता, पण टाळ्या जास्त.
खाली उतरल्यावर तमन्नानं एक प्रत हातात दिली. म्हणाली, सर, ही तरी जपून ठेवा, आत आजून तीन पानं हायत. मी बॅगेत ठेवली.
रविवारी निवांत वाचतो.